पडद्यावर यायची राहिलेली बाई

ऑगस्ट २०२५मध्ये राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून 'श्यामची आई'चं नाव आलं. सुजय डहाके यांनी दिग्दर्शित केलेला, २०२३ साली आलेला कृष्णधवल चित्रपट. बातमी ऐकून आमच्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याला तर कधीच मिळालंय की!" त्यांचंही बरोबरच होतं. आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं ते १९५४ साली. हे पुरस्कार सुरू झाले, त्याच पहिल्या वर्षी. म्हणजे पुस्तक एकच, चित्रपट दोन, मध्ये सत्तर वर्षं, आणि दोन्ही वेळा दिल्लीचा मान. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या त्या छोट्याशा पुस्तकात किती दम आहे बघा.

आनंद झालाच. पण मैत्रिणींनो, मनात एक हिशोबही सुरू झाला. चांगलं पुस्तक एकदा पडद्यावर येऊन संपत नाही, हे खरं. मग ज्या पुस्तकांना एकदाही धड संधी मिळाली नाही, त्यांचं काय? आणि त्यांत बायकांनी लिहिलेली, बायकांबद्दलची पुस्तकं किती आहेत?

मराठी सिनेमा आणि मराठी पुस्तक यांचं नातं काही आजचं नाही. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी 'कुंकू' केला तो नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून. म्हाताऱ्या बिजवराशी फसवून लग्न लावलं म्हणून त्याला नवरा मानायलाच नकार देणारी नीरा, शांता आपट्यांनी उभी केलेली, आजही बघताना अंगावर काटा येतो. पुढे महादेवशास्त्री जोश्यांच्या कथांवरून 'कन्यादान', 'मानिनी', 'धर्मकन्या' आले. अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबऱ्यांवरून 'वैजयंता' आणि 'फकिरा' आले. गो. नी. दांडेकरांचा 'जैत रे जैत', अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफलेला 'सिंहासन', व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. अलीकडे 'नटरंग', 'शाळा', 'दुनियादारी'. यादी लांबलचक आहे आणि बहुतेक चित्रपट चांगले आहेत. तक्रार त्यांच्याबद्दल नाही.

पण या यादीत पुस्तकातून पडद्यावर आलेल्या बायका जरा वेगळ्या काढून बघा. 'वैजयंता' तमाशातली. 'नटरंग' पुरुषाची गोष्ट, पण त्यातली नायिका तमाशातली. २०२२ साली विश्वास पाटील यांच्या कादंबरीवरून आलेली 'चंद्रमुखी' तमाशातली. २०२४ साली बाबासाहेब पुरंदरे यांच्या कादंबरीवरून आलेली 'फुलवंती' पेशवाईतली नर्तकी. (ती तर प्राजक्ता माळी आणि स्नेहल तरडे या दोघींनी हिमतीने उभी केली, त्याचं कौतुक आहेच.) आणि घुंगरू नसतील तर मग सोवळ्यातली किंवा सोसणारी. म्हणजे निर्माता कपाटातून पुस्तक काढायला जातो तेव्हा त्याचा हात एक तर घुंगरांकडे जातो, नाही तर कुंकवाकडे. लावणी झाली, नऊवारी झाली, डोळ्यांत पाणी झालं. सकाळी नऊला डबा घेऊन एसटीला उभी राहणारी, पंचायतीच्या खुर्चीत बसणारी, बाजारात टोपली मांडून बसणारी बाई पुस्तकांत आहे. ढीगभर आहे. तिच्यापर्यंत हात पोहोचत नाही.

पोहोचला, तेव्हा काय घडलं ते सांगते. १९८२चा 'उंबरठा'. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकरांची पटकथा, स्मिता पाटील, गिरीश कार्नाड, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. एवढी नावं कोणीही सांगेल. पण ही गोष्ट मुळात कोणाची? शांता निसळ यांची. त्यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून हा चित्रपट झाला. मी समाजकार्याच्या निमित्ताने ज्या कार्यशाळांना जाते, तिथे 'उंबरठा'चा विषय निघाला की मुद्दाम विचारते, लेखिका कोण? अजून एकदाही चटकन उत्तर आलेलं नाही. मराठीतला बाईच्या नोकरीवरचा, बाईच्या स्वतःच्या निर्णयावरचा बहुधा सगळ्यात महत्त्वाचा चित्रपट, आणि तो जिच्या डोक्यातून निघाला तिचं नाव आपल्यालाच माहीत नाही.

हा चित्रपट आम्ही तीनेक वर्षांपूर्वी बचत गटाच्या बायकांना समाजमंदिरात दाखवला. भिंतीवर चादर बांधून, मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर. चाळीसेक जणी होत्या. सुलभा महाजन नवरा आणि लहान मुलगी घरी ठेवून महिला सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून परगावी जाते, तिथेच कुजबुज सुरू झाली. तिथला भ्रष्टाचार, त्या असहाय मुली, वरून येणारा दबाव, शेवटी तिने दिलेला राजीनामा, परत घरी आल्यावर तिथे आपली जागाच उरलेली नाही हे कळणं, आणि मग पुन्हा बाहेर पडणं. संपल्यावर एक काकू तावातावाने म्हणाल्या, "काय पण बाई! लेकराला टाकून जायचं म्हणजे काळीज आहे का दगड?" त्यांच्याच शेजारी बसलेली, नवरा आखातात नोकरीला असलेली एक तरुण वहिनी शांतपणे म्हणाली, "काकू, माझा नवरा चार वर्षं झाली लेकराला टाकून गेलाय. त्याला कोणी दगड नाही म्हणत. उलट सगळे म्हणतात, किती कष्ट घेतो घरासाठी." मग जो वाद रंगला, तो रात्री साडेदहापर्यंत. घरून फोन येत होते, तरी कोणी उठेना.

सांगायचं हे की त्या चाळीस जणींपैकी 'बेघर' कादंबरी कोणी वाचली असती? एखादीने. ज्यांचं शिक्षण सातवी-आठवीत सुटलं, ज्यांना दिवसभरात पुस्तक हातात धरायला वेळ नाही, त्यांच्यापर्यंत शांता निसळांचा प्रश्न पोहोचला तो पडद्यामुळे. आमच्यासारख्या गावात काम करताना बायकांशी बोलायला काही तरी निमित्त लागतं. पत्रक वाटून, भाषण ठोकून कोणी मोकळं होत नाही. दुसऱ्या बाईच्या गोष्टीवर बोलता बोलता मात्र माणूस स्वतःवर येतं.

आता कोणी म्हणेल, अहो, बायकांचे सिनेमे बघतं कोण? हा प्रश्न २०२३च्या जुलैमध्ये कायमचा मिटायला हवा होता. केदार शिंदे यांचा 'बाईपण भारी देवा' आला आणि तालुक्यातालुक्यांतून बायका गटागटाने थिएटरवर गेल्या. नऊवारी नेसून, गॉगल लावून, पोस्टरपुढे फोटो काढून. सहा बहिणींची आणि मंगळागौरीची गोष्ट. त्याआधी २०२१मध्ये 'झिम्मा' असाच चालला होता. आमच्या भिशीतल्या ज्या दोघी लग्नानंतर थिएटरची पायरी चढल्या नव्हत्या, त्याही 'बाईपण'ला जाऊन आल्या. तिकीट काढणारी बाई आहे. तिच्याकडे पैसे आहेत, सोबतीला मैत्रिणी आहेत. मग तिच्यापुढे काय ठेवायचं, एवढाच प्रश्न उरतो. हे दोन्ही चित्रपट मला आवडले, पण त्यांतल्या बायका सहलीला आणि खेळाला मोकळ्या झाल्या. कामाच्या जागी, सत्तेच्या जागी, बाजाराच्या जागी मोकळ्या व्हायच्या अजून राहिल्यात, आणि त्यासाठी नवीन गोष्टी शोधत बसायला नको. त्या लिहून ठेवलेल्या आहेत.

माझ्या मते सगळ्यात आधी नंबर लागायला हवा तो कविता महाजन यांच्या 'ब्र'चा. २००५ साली आलेली ही कादंबरी. नवऱ्याने घराबाहेर काढलेली, मुलापासून तुटलेली प्रफुल्ला एका संस्थेत नोकरीला लागते आणि आदिवासी भागात महिला सरपंचांच्या कहाण्या गोळा करत हिंडते. 'ब्र' म्हणजे आपण म्हणतो ना, तोंडातून ब्र काढला नाही, त्यातला ब्र. ७३वी घटनादुरुस्ती १९९३मध्ये अमलात आली, बायकांना पंचायतीत राखीव जागा मिळाल्या. महाराष्ट्रात तर २०११पासून निम्म्या जागा बायकांच्या आहेत. कागदावर एवढी मोठी क्रांती झाली. पण खुर्चीत बसलेल्या बाईचं पुढे काय होतं, तिच्यावर अविश्वास ठराव कसा आणला जातो, संस्थावाले तरी तिच्याशी सरळ वागतात का, हे आतून कोणी लिहिलं? कविताताईंनी लिहिलं. आणि नुसतं गावावर बोट ठेवून थांबल्या नाहीत. आम्हा संस्थावाल्यांचे अहवाल, आमचे फोटो, आमचे प्रवासखर्च, आमचा आव, सगळ्याची चिरफाड केली. मी स्वतः महिला सदस्यांच्या प्रशिक्षणाला जाते, म्हणून सांगते, वाचताना दोन-तीनदा पुस्तक मिटून ठेवावंसं वाटलं होतं, इतकं ते खरं आहे.

आमच्याकडच्या एका ग्रामपंचायतीत मी गेले तेव्हा खुर्चीवर सरपंचबाईंचे यजमान बसले होते आणि बाई दाराशी पदर सावरून उभ्या. प्रोसिडिंग बुकावर सही मात्र त्यांची. विचारलं तर यजमान हसून म्हणाले, "ताई, कारभार एकच आहे ना आमचा." या 'सरपंचपतीं'ची गंमत २०२०पासून सगळ्या देशाने 'पंचायत' या वेबमालिकेत पाहिली. नीना गुप्तांची मंजूदेवी प्रधान, आणि कारभार नवऱ्याचा. सगळे पोट धरून हसले, मीही हसले. पण त्या हसण्याच्या पलीकडची, भीतीची आणि अपमानाची जी बाजू आहे, ती 'ब्र'मध्ये आहे. कादंबरीचा आवाका मोठा आहे, एकातून दुसरी अशा कितीतरी जणींच्या कहाण्या निघतात. दोन तासांच्या चित्रपटात ती कोंबली तर गुदमरेल. ती आठ-दहा भागांच्या मालिकेसारखी व्हावी, एका भागात एक सरपंच, आणि सगळ्यांना जोडणारी प्रफुल्ला. आता मोबाइलवर अशा मालिका बघायची सवय खेड्यापाड्यांत पोहोचली आहे. कविताताई २०१८मध्ये गेल्या. त्यांच्या डोळ्यांदेखत हे व्हायला हवं होतं.

दुसरी गोष्ट अगदी छोटी, काही पानांची. उर्मिला पवार यांची 'कवच' ही कथा. कोकणातली आई आंबे विकायला चिपळूणला जाते, बरोबर शाळकरी मुलगा. आंब्यांवरून, आईच्या बोलण्यावरून बाजारातले पुरुष कशा द्वयर्थी कोट्या करतात, हे त्या पोराला आता कळायला लागलंय. त्याचा जीव शरमेने आणि रागाने गोळा होतो. आईने गप्प बसावं, निघून यावं, असं त्याला वाटतं. पण आई काही त्याच्या आधाराची वाट बघत नाही. ती असं खणखणीत उत्तर देते की समोरचा गार पडतो. पोराला वाटत होतं आपण आईचं कवच व्हायचं. तिचं कवच तिच्या जिभेवरच होतं.

ही कथा म्हणजे तयार सिनेमा आहे, मी खरंच सांगते. एक दिवस, एक रस्ता, एक बाजार, दोन माणसं. सगळं पोराच्या डोळ्यांतून दिसणारं. फार संवादही नकोत, त्याचा चेहरा पुरे. बाजारात बसणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या, शेतावर जाणाऱ्या बाईला रोज जे ऐकून घ्यावं लागतं, त्याबद्दल आपण घरात मुलांशी बोलतो का? मुलींना सांगतो, खाली मान घालून चाल. मुलांना तर काहीच सांगत नाही. ही कथा बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शाळेत दाखवण्याजोगी आहे. हीच कथा अभ्यासक्रमात घेतली तेव्हा अश्लील म्हणून ओरड झाली होती, हेही सांगितलं पाहिजे. अश्लील त्या पुरुषांचं बोलणं की ते लिहून दाखवणारी लेखिका, ते तुम्हीच ठरवा. उर्मिलाताईंचं आत्मकथन 'आयदान' २००३मध्ये आलं, सुषमा देशपांडे यांनी त्याचा रंगमंचावर प्रयोगही केला. त्यातली बांबूच्या टोपल्या विणत बसलेली आई आणि डोंगर उतरून रत्नागिरीच्या बाजाराला जाणाऱ्या बायकांची रांग, हे तर वाचतानाच डोळ्यांपुढे येतं.

एक निरीक्षण मांडते. सिनेमाला कादंबरीपेक्षा कथाच जास्त मानवते. सत्यजित राय यांचा 'चारुलता' टागोरांच्या 'नष्टनीड' या दीर्घकथेवरचा. 'तीसरी कसम' फणीश्वरनाथ रेणूंच्या कथेवरचा. अमोल पालेकरांचा 'कैरी' जी. ए. कुलकर्ण्यांच्या कथेवरचा. कथेत दिग्दर्शकाला भर घालायला जागा असते. कादंबरीत मात्र कात्री चालवावी लागते, आणि कात्री कुठे चालली यावर सगळं ठरतं. याचा अपवाद 'जोगवा'. राजीव पाटील यांनी २००९मध्ये राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या दोन कादंबऱ्या एकत्र केल्या. एका कादंबरीतली सुली आणि दुसऱ्या कादंबरीतला तायप्पा यांची पडद्यावर भेट घालून दिली. यल्लम्माच्या नावाने सोडलेली मुलगी आणि लुगडं नेसायला लावलेला मुलगा. पुस्तकात न भेटलेल्या दोघांना भेटवून चित्रपटाने दोन्ही पुस्तकांचं दुःख आणखी गडद केलं. असं धाडस करणाऱ्याला मूळ पुस्तक कळलेलं असावं लागतं.

नाही कळलं तर काय होतं, ते मन्नू भंडारी यांना विचारायला हवं होतं. या हिंदी लेखिकेची 'यही सच है' ही डायरीच्या रूपातली कथा बासू चटर्जींनी घेतली आणि १९७४मध्ये 'रजनीगंधा' केला. तरुण मुलीच्या मनाचं हेलकावणं इतक्या हळुवारपणे आपल्या सिनेमात क्वचितच आलंय. त्याच मन्नूजींची 'आपका बंटी' ही कादंबरी, घटस्फोट घेतलेल्या आईबापांमध्ये सापडलेल्या लहान मुलाची. तिच्यावरून चित्रपट झाला तेव्हा मात्र त्यांना आपलं पुस्तक ओळखू येईना. त्या गप्प बसल्या नाहीत, कोर्टात गेल्या. १९८६ साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं की लेखकाने चित्रपटाचे हक्क विकले, म्हणजे त्याच्या कृतीची मोडतोड करायचा हक्क विकला असं होत नाही. पुढे दोन्ही बाजूंत समझोता झाला आणि चित्रपट 'समय की धारा' अशा वेगळ्या नावाने आला. लेखकांच्या हक्कांबद्दल बोलताना वकील मंडळी आजही या निकालाचा दाखला देतात. एका लेखिकेने, एका लहान मुलाच्या गोष्टीसाठी भांडून मिळवलेला हा निकाल आहे. ज्या मैत्रिणी लिहितात, त्यांनी तर हे लक्षात ठेवावंच. करारावर सही करण्याआधी शेवट बदलणार का, नाव कुठे येणार, हे विचारावं. शांता निसळांची आठवण पुन्हा येते ती इथे.

पैशांचं कारण सांगितलं जातं, की हक्क महाग पडतात. मग ज्यांचे हक्क विकत घ्यायलाच नकोत, अशी पुस्तकं घ्या ना! आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी पुस्तक सगळ्यांचं होतं. हरी नारायण आपटे १९१९मध्ये गेले. त्यांची 'पण लक्षांत कोण घेतो' ही १८९०पासून 'करमणूक'मधून क्रमशः आलेली कादंबरी आज कोणीही घ्यावी. यमू स्वतः आपली गोष्ट सांगते. बालपण, लग्न, सासर, मुंबईतला थोडासा सुखाचा संसार, मग वैधव्य आणि जबरदस्तीने केलेलं केशवपन. पुरुषाने लिहिलेली, पण आवाज संपूर्ण बाईचा. जुना काळ म्हणून नाकं मुरडू नका. केशवपन गेलं, तरी विधवेला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही यावर आजही आमच्या गल्लीत दोन तट पडतात. २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर बातमी झाली. ज्या गोष्टीची २०२२मध्ये बातमी होते, ती जुनी कशी म्हणायची?

विभावरी शिरूरकर म्हणजे मालतीबाई बेडेकर. त्यांच्या १९३३च्या 'कळ्यांचे निःश्वास'ने केवढी खळबळ उडवली, हे बीएला मराठी असलेल्यांना माहीत असेल. पण पडद्यावर यावी ती त्यांची 'बळी', १९५०ची. इंग्रज सरकारने जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या, तारेच्या कुंपणातल्या वसाहतीची गोष्ट. मालतीबाईंनी अशा वसाहतीत प्रत्यक्ष काम केलं होतं, त्यामुळे ऐकीव काही नाही. त्यांचे पती विश्राम बेडेकर स्वतः चित्रपट दिग्दर्शक. घरातच कॅमेरावाला माणूस, तरी 'बळी' कपाटातच! त्या जमातींवरचा कायदा १९५२मध्ये गेला, शिक्का मात्र गेला नाही. आमच्याकडे पालावर काम करणाऱ्या कुठल्याही ताईला विचारा, चोरी झाली की पोलीस आधी कुठे जातात ते.

गौरी देशपांडे यांच्या नायिका मला फार प्रिय आहेत, कॉलेजात त्यांची पारायणं केली. पण त्यांचा सगळा जीव त्यांच्या बोलण्यात आणि विचार करण्यात आहे. पडद्यावर त्या दिवाणखान्यात बसून गप्पा मारणाऱ्या बायका होऊन जातील, अशी भीती वाटते. शांता गोखले यांच्या 'रीटा वेलिणकर'वरून त्यांच्याच लेकीने, रेणुका शहाणे यांनी २००९मध्ये 'रीटा' केला. पल्लवी जोशीने जीव ओतला. आईबापांना, बहिणींना पोसता पोसता स्वतः संपत चाललेली नोकरदार बाई. हा चित्रपट आमच्या गावात आलाच नाही, मी तो कितीतरी उशिरा पाहिला.

आणि गो. नी. दांडेकरांची 'पडघवली'. कोकणातलं गाव हळूहळू रिकामं होत जातं आणि ते धरून ठेवायची धडपड करणारी अंबूवहिनी ते सगळं आपल्या तोंडाने सांगते. १९५५ सालचं पुस्तक, पण आज गणपतीला दहा दिवस उघडणारी आणि अकराव्या दिवशी कुलूप लागणारी घरं ज्यांनी पाहिलीत, त्यांना ते कालच लिहिल्यासारखं वाटेल. गाव सोडून गेलेल्या पुरुषांचे सिनेमे पुष्कळ झाले. गावात राहिलेल्या बाईच्या नजरेने गाव दाखवायचं तर अंबूवहिनीसारखी दुसरी नाही.

आता हे बघायचं कुठे, हाही प्रश्न आहेच. आमच्या गावातल्या दोन थिएटरांपैकी एकाचं मंगल कार्यालय झालं, दुसऱ्याला कुलूप आहे. मल्टिप्लेक्स जिल्ह्याच्या ठिकाणी, एसटीने दीड तास. मराठी चित्रपटाचा खेळ लागतो तो सकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला, नाही तर रात्री, शेवटची गाडी चुकेल अशा वेळी. 'बाईपण'ला बायकांनी गाड्या ठरवून गर्दी केली, तेव्हा थिएटरवाल्यांनी खेळ वाढवले. म्हणजे वाढवता येतात. 'ब्र'सारखं काही आलं तर ग्रामपंचायतीच्या सभागृहातच दाखवावं, महिला ग्रामसभेच्या दिवशी, असं मी आमच्या तालुक्यातल्या दोन-तीन सरपंचताईंशी बोलून ठेवलंय. एकीने लगेच विचारलं, "ताई, पण आमच्या ह्यांना पण बोलवायचं का?" म्हटलं, त्यांना पहिल्या रांगेत बसवू.

प्रफुल्ला कोणी करावी, यावर आमच्या वाचक गटात दोन महिने वाद चाललाय. बहुतेकींचं मत मुक्ता बर्वेला आहे, 'जोगवा'तली सुली कोणी विसरलेलं नाही. माझं म्हणणं, प्रफुल्ला कोणीही करा, सरपंच मात्र खऱ्या सरपंचबायांतून निवडा. चेहऱ्यावरचं ते ऊन मेकअपने येत नाही. वाचनालयात 'ब्र'ची एकच प्रत आहे, बांधणी सुटलेली. सध्या ती चार जणींच्या नंबरानंतर मिळते. पाचवा नंबर त्या सरपंचताईंनी लावलाय.